टक्क्यांचे फासे: असईच्या डावात फैरी झाडायच्या कशा?

गिरगावचा तोफखाना | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

आज सोसायटीच्या हॉलमधल्या टेबल टेनिसच्या टेबलावर सोंगट्यांच्या युद्धखेळासाठी असईची लढाई मांडली होती. २३ सप्टेंबर १८०३. केळना आणि जुई या दोन नद्यांची बेचकी, एका बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज, तिच्यातल्या कवायती पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा, दुसरीकडे नदी उतरून आलेला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. आमच्या सोंगट्या १५ मिलिमीटरच्या, एक सोंगटी म्हणजे २० माणसे आणि एक इंच म्हणजे १५ यार्ड. टेबल नऊ फूट लांब, म्हणजे रणांगण १,६२० यार्डांचे. बेचकीत सगळे नीट बसते.

नियम आजवर चालत आलेलाच: गोळीबार करणाऱ्या प्रत्येक सोंगटीमागे एक साधा फासा, सहा पडला की समोरची एक सोंगटी बाद. इंग्रजांची ७४वी हायलँडर पलटण २४ सोंगट्यांची केली होती. पाच इंचांवरून, म्हणजे ७५ यार्डांवरून पहिली फैर झाडली. चोवीस फासे टाकले आणि एकही सहा नाही. असे दान शंभरात एकदा पडते हे मला मान्य आहे. पण पुढच्याच डावात त्याच पलटणीने सात सोंगट्या उडवल्या, म्हणजे एका फैरीत १४० माणसे. दोन्ही वेळा टेबलाभोवतीचे सगळे गप्प झाले, कारण दोन्ही खरे वाटेना.

दुसरी अडचण मला जास्त खुपते. साध्या फाशात सगळ्यात लहान पायरी जवळजवळ सतरा टक्क्यांची. शत्रू आडोशाला आहे, धूर झाला आहे, माणसे दमली आहेत, फैर पहिली आहे की पाचवी, या प्रत्येकाला मोजायला माझ्याकडे एकच माप: अधिक एक किंवा उणे एक. छोटी कारणे मग सोडूनच द्यावी लागतात.

म्हणून टक्क्यांच्या फाशांकडे वळावे असे मनात आहे. आधाराला प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातल्या चाचणीचे आकडे घेतलेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस पलटणीला शंभर फूट लांब, सहा फूट उंच कापडी पडद्यावर गोळीबार करायला लावले होते. ७५ यार्डांवर ६० टक्के गोळ्या लागल्या, १५० वर ४० टक्के, २२५ वर २५ टक्के. पडदा उलट गोळी झाडत नाही, म्हणून लढाईसाठी हे आकडे मी दहाने भागले: ६, ४ आणि अडीच टक्के. दहाने का, तर हा माझा अंदाज, त्यावर जरूर बोला.

उदाहरण: ४८० माणसे, ७५ यार्ड, ६ टक्के. २८.८ माणसे पडली. वीसने भागले की १.४४ सोंगट्या. एक सोंगटी नक्की बाद. उरलेल्या ०.४४ साठी टक्क्यांचे फासे टाकायचे, ०१ ते ४४ आले तर दुसरीही बाद. चोवीस फाशांऐवजी एकच दान.

कोणी हे करून पाहिले आहे का? आणि हातघाईला काय करायचे? संगिनींची टक्केवारी कुठून आणणार?

---

नवा भिडू | सोमवार, सकाळी ८:०५

मी अजून नुसता वाचणारा आहे, सोंगट्या रंगवायला नुकती सुरुवात केली आहे. हे टक्क्यांचे फासे दिसतात कसे? दुकानात 'पर्सेंटाइल डाइस' म्हणून मिळाले. मुलगी यंदा सीईटीला बसली होती, त्यामुळे आमच्या घरी पर्सेंटाइल हा शब्द फार गंभीर आहे. तिचे ९१ पर्सेंटाइल म्हणजे ९१ टक्के गुण नव्हेत, तर शंभरातले ९१ जण तिच्या मागे. फाशातला अर्थ कोणता?

---

गिरगावचा तोफखाना | सोमवार, सकाळी ९:३०

लोकलमधून लिहितोय, थोडक्यात सांगतो. दहा-दहा बाजूंचे दोन फासे. एक दशकाचा, एक एककाचा. दशकाच्या फाशावर बहुधा ००, १०, २० असे ९० पर्यंत छापलेले असते. ७० आणि ३ पडले तर ७३. दोन्हीकडे शून्य आले तर ते शंभर धरतात. काही जण शून्यच धरतात, डाव सुरू करण्याआधी ठरवून घ्या, नाहीतर हमखास वाद होतो. दोन्ही फासे एकाच छापाचे असतील तर रंग वेगळे घ्या आणि दशक कोणता हे टाकण्याआधी मोठ्याने सांगा.

अर्थ टक्क्यांचाच. नावच चुकले आहे म्हणायचे.

---

जुना सोंगटीवाला | सोमवार, दुपारी २:१५

तोफखाना, तुमची तळमळ कळते, पण मी विरोधात आहे. कारणे सांगतो.

मी ऐंशीच्या दशकात हा खेळ सुरू केला तेव्हा टक्क्यांच्या तक्त्यांचे नियम आमच्या हातात आले होते. एकेका फैरीला तीन तक्ते. अंतराचा, आडोशाचा, दर्जाचा. रविवारची सकाळ सरायची आणि दोन पलटणींची एकच चकमक झालेली असायची. लढाईचा शेवट आम्ही क्वचित पाहिला.

मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ४४ टक्के आणि ४६ टक्के यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे का? मला नाही, वेलस्लीलाही नव्हता. शंभर पायऱ्यांची शिडी लावली म्हणून आपली माहिती शंभर पायऱ्यांची होत नाही. आकडा बारीक दिसला की माणसाचा त्यावर विश्वास बसतो, आणि मुळात तो 'दहाने भागले' या अंदाजातून आलेला आहे हे विसरायला होते.

१८२४ साली प्रशियात राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याने युद्धखेळ सिद्ध केला, तेव्हा त्याच्याकडेही गोळीबाराच्या चाचण्यांचे आकडे होते. त्याने ते आकडे फाशांच्या बाजूंवरच छापले! चांगल्या परिस्थितीला एक फासा, वाईटाला दुसरा. पंचाने योग्य फासा उचलायचा, टाकायचा, नुकसान वाचायचे. सगळे गणित घरी करून झालेले. १८७६ मध्ये प्रशियाचेच अधिकारी फॉन व्हर्दी द्यू व्हर्नुआ यांनी तर पंचाच्या अनुभवावरच भर दिला आणि तक्ते बाजूला सारले, कारण अधिकारी त्यांना कंटाळले होते.

तुम्हाला चोवीस फाशांतून टोकाची दाने नको असतील तर 'सरासरी फासा' वापरा. त्याच्या बाजू २, ३, ३, ४, ४, ५. एक नाही, सहा नाही. सरासरी साध्या फाशाइतकीच साडेतीन, पण दाने मधेच घुटमळतात. ज्या नियमांत पडलेल्या आकड्याची बेरीज करायची असते, तिथे हा सुरेख चालतो.

आणि एक सांगू? सारीपाटाचे फासे आपण हातात घोळवून टाकतो. दान पडताना खेळणाऱ्याचा जीव त्यात असतो. दोन फासे टाकून तक्त्यात बोट फिरवणे म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक पाहणे.

---

मुलुंडचा गारदी | सोमवार, रात्री १०:२०

काका, वेळेचा मुद्दा शंभर टक्के पटला. बारीक आकड्यांचाही. पण सरासरी फाशाने तोफखान्याचा प्रश्न सुटत नाही, कारण त्याच्या नियमात 'सहा पडला की बाद' असे आहे आणि सरासरी फाशावर सहाच नाही. म्हणजे नियमच बदलावा लागेल.

हातघाईबद्दल उद्या लिहितो. पानिपतच्या डावासाठी त्यावर बरेच डोके लावले आहे.

---

अंकगणित | मंगळवार, सायंकाळी ६:५०

शाळेत गणित शिकवते आणि मुलाबरोबर हा खेळ खेळते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

पहिली गोष्ट, टक्केवारीत अधिक-उणे करू नका. हा दोष बहुतेक सगळ्या टक्केवारीच्या नियमांत दिसतो. समजा तोफखाना यांनी भागाकार न करता मूळ आकडे ठेवले आणि 'आडोशाला उणे २०' असा नियम केला. ७५ यार्डांवर ६० चे ४० झाले, म्हणजे मातीच्या भिंतीने एक तृतीयांश गोळ्या अडवल्या. २२५ यार्डांवर २५ चे ५ झाले, म्हणजे त्याच भिंतीने पाचातल्या चार अडवल्या. भिंत तीच, तिच्यामागे दडलेले शरीर तेवढेच. मग लांबून ती अचानक इतकी जाड कशी झाली? भिंतीने निम्मे शरीर झाकले तर कुठल्याही अंतरावर निम्मे करा. साठाचे तीस, पंचविसाचे साडेबारा. अंतर, आडोसा, समोरच्या रांगेची रुंदी ही सगळी गुणाकाराची कामे.

साध्या फाशांतही हाच घोटाळा असतो, फक्त दिसत नाही. दोन फाशांची बेरीज घेणाऱ्या नियमात ८ किंवा जास्त हवे असताना अधिक एक मिळाला तर शक्यता ४२ वरून ५८ टक्क्यांवर जाते. १२ च हवे असताना तोच अधिक एक शक्यता पावणेतीन टक्क्यांवरून सव्वाआठवर नेतो, म्हणजे तिप्पट. टक्क्यांच्या फाशांचा मोठा गुण हा की चूक लपत नाही. कागदावर ५ टक्के दिसले की कोणीही विचारतो, इतके कमी का?

दुसरी गोष्ट तोफखाना यांच्या उदाहरणाबद्दल. १.४४ सोंगट्या, मग एक नक्की आणि दुसरी ४४ टक्क्यांनी. म्हणजे ही फैर कायम एक किंवा दोनच सोंगट्या घेणार. चोवीस फाशांत फार पसारा होता, इथे तो जवळजवळ संपला. फैर कधी फसते, कधी भयंकर लागते, ते कुठे गेले?

लोक म्हणतात टक्क्यांचे फासे सपाट असतात, म्हणजे प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, आणि मधली दाने जास्त पडावीत अशी सोय त्यांत नाही. ते अर्धेच खरे. फासा सपाट असला तरी त्याच्यापुढचा तक्ता सपाट ठेवायची सक्ती नाही. फक्त दशकाचा आकडा पाहा आणि त्यावरून फैरीचे नुकसान मोजा:

० आला तर फैर पाव
१ किंवा २ आला तर अर्धी
३ ते ६ आला तर पूर्ण
७ किंवा ८ आला तर दीडपट
९ आला तर दुप्पट

सरासरी काढली तर १.०२५ येते, म्हणजे मूळ आकडा बिघडत नाही. दहातली चार दाने मधली, टोकाची एकेकच.

आता एककाचा फासा मोकळा राहिला ना? तो अपूर्णांकासाठी वापरा. १.४४ ला १.४ धरा. दशकात ५ आले, फैर पूर्ण, एक सोंगटी नक्की. एककात ० ते ३ आले तर दुसरीही. दोन फासे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, त्यामुळे एकाच दानात दोन्ही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळतात. काकांचा बारीक आकड्यांवरचा आक्षेपही जातो, कारण आता शंभर पायऱ्या उरल्याच नाहीत. दहा आणि दहा.

---

वसई बुरूज | मंगळवार, रात्री ९:१०

मस्त चर्चा चालू आहे. माझा अनुभव वेढ्याचा. १७३९ चा वसईचा वेढा आम्ही मोहीम म्हणून खेळतो. चिमाजी अप्पांचे मोर्चे, तटाखाली सुरुंग, किल्ल्यात पोर्तुगीज. एक डाव म्हणजे एक दिवस. टक्क्यांचे फासे इथे अतिशय उपयोगी पडतात, कारण रोजचे काम हळूहळू चालते. आज सुरुंग तटापर्यंत पोहोचला का, आज समुद्रातून रसद आली का.

फक्त एका चुकीपासून सावध राहा, मी ती केली होती. सुरुंग साधारण दहा दिवसांत पुरा व्हावा म्हणून रोज १० टक्के ठेवले. मनातला हिशेब असा की दहा दिवस गुणिले दहा, झाले शंभर. तसे होत नाही. रोजचे ९० टक्के अपयश दहा वेळा गुणले तर ३५ टक्के उरते. म्हणजे दहाव्या दिवशीही तीनातल्या एका डावात सुरुंग अपुराच. आमचा एक सुरुंग एकोणीस दिवस चालला आणि बिचारा मराठ्यांकडून खेळणारा मुलगा रडकुंडीला आला. आता रोज ठरावीक काम पुढे सरकते आणि फासे फक्त अडथळ्यासाठी टाकतो. खडक लागला, पाणी लागले, आतून आवाज ऐकला.

मेमध्ये किल्ल्यात बुरुजाखाली उभे राहून हा हिशेब आठवला तेव्हा त्या माणसांच्या चिकाटीबद्दल ऊर भरून आला.

---

रंग आणि रेषा | मंगळवार, रात्री ११:००

नियमांतले मला फार कळत नाही, मी सोंगट्या रंगवते. फाशांबद्दल एवढेच: मोठे धातूचे फासे टेबलावर टाकू नका. रंग उडालेल्या संगिनी मलाच दुरुस्त कराव्या लागतात. लाकडी ट्रेला आतून फेल्ट चिकटवा, खालच्या मजल्यावरच्यांचीही तक्रार येणार नाही. आणि फिक्या आकड्यांचे अर्धपारदर्शक फासे घेऊ नका. हॉलच्या ट्यूबलाइटखाली ६ आणि ९ ओळखता येत नाहीत. खाली टिंब असलेले घ्या.

शंभर बाजूंचा एकच फासाही मिळतो ना? तो का नाही वापरत?

---

जुना सोंगटीवाला | बुधवार, सकाळी ७:३०

तो लू झॉकी या अमेरिकन फासेवाल्याने १९८५ मध्ये आणला. जवळजवळ गोटीच. थांबायला फार वेळ घेतो आणि थांबला तरी वर नेमका कुठला आकडा आहे यावरून दोन मते होतात. पहिल्या घडणीत सगळे आकडे सारखे पडतही नव्हते. कपाटात ठेवायला छान.

दहा बाजूंचा फासा सर्रास मिळायला लागला तो १९८० च्या सुमारास. त्याआधी वीस बाजूंच्या फाशावर ० ते ९ दोनदा छापलेले असायचे. माझ्याकडे तशी एक जोडी अजून आहे, कडा झिजून गोल झाल्यात.

अंकगणित ताई, तुमचा तक्ता रात्री दोनदा वाचला. पाव, अर्धी, पूर्ण, दीडपट, दुप्पट. एवढे मलाही पाठ होईल. पण टेबलावर १.४४ गुणिले दीड कोण करणार?

---

मुलुंडचा गारदी | बुधवार, दुपारी १:४०

काका, कोणीच नाही करणार. राइसवित्झने केले तेच करू, गणित घरी. प्रत्येक पलटणीचे एक कार्ड. ७४व्या पलटणीचे करून दाखवतो, २४ सोंगट्या. आकडे अनुक्रमे पाव, अर्धी, पूर्ण, दीडपट आणि दुप्पट फैरीचे:

५ इंच: ०.४, ०.७, १.४, २.२, २.९
१० इंच: ०.२, ०.५, १.०, १.४, १.९
१५ इंच: ०.२, ०.३, ०.६, ०.९, १.२

फासे टाका, दशकावरून रकाना, एककावरून अपूर्णांक. पाच इंचांवर ८ आणि १ पडले तर २.२. दोन सोंगट्या नक्की, एकक ० किंवा १ असल्याने तिसरीही. आडोसा असेल तर निम्म्या आकड्यांची ओळ कार्डाच्या मागे. पलटण अर्धी झाली की तीच ओळ वापरायची. चाळीस सेकंदही लागत नाहीत.

आता हातघाई. तोफखान्याने विचारले संगिनींची टक्केवारी कुठून आणणार. ती कुठेच नाही, आणि नसण्याचे कारण महत्त्वाचे आहे. त्या काळच्या लढायांत संगिनींच्या जखमा बंदुकीच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांच्या मानाने फार कमी. दोन रांगा एकमेकींत घुसून तासभर भोसकाभोसकी करतायत हे क्वचितच घडे. बहुतेकदा एक बाजू आधीच कच खायची. म्हणजे हातघाई हा मारण्याचा नव्हे, टिकण्याचा प्रश्न. तिथे किती टक्के मेले हे विचारणेच चूक.

आम्ही पानिपतच्या डावात गारदी आणि रोहिल्यांसाठी असे करतो: दोन्ही बाजूंनी टक्क्यांचे फासे टाकायचे, त्यात आपापल्या तुकडीचे गुण (उदा. अनुभवाचे) मिळवायचे आणि फरक पाहायचा. २० च्या आत असेल तर दोघे जागच्या जागी. २० ते ४९ असेल तर हरणारा मागे रेटला जातो. ५० किंवा जास्त असेल तर तो फुटला, पळाला. बरोबरीच्या तुकड्यांत शंभरातले ३५ वेळा कोणीच हलत नाही, ३९ वेळा कोणीतरी मागे सरते आणि २६ वेळा कोणीतरी फुटते. दोघांचे फासे एकमेकांतून वजा होतात, त्यामुळे लहान फरक जास्त येतात आणि मोठे कमी. इथे तक्त्याशिवायच मधला फुगवटा मिळतो. शिवाय काकांना हवा तो जीवही आहे, दोघेही एकाच वेळी ट्रेकडे वाकलेले असतात.

अनुभवी पलटणीला आम्ही अधिक २० देतो. तिची बेरीज जास्त येण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के होते. आडदांड वाटत नाही आणि अनुभवाचा मान राहतो.

---

नवा भिडू | बुधवार, रात्री ८:४५

मला एक सुचले, चुकत असेन तर सांगा.

मी सोमवारी विचारले होते की अर्थ टक्क्यांचा की पर्सेंटाइलचा. तोफखाना म्हणाले टक्क्यांचा, आणि त्यांच्या पहिल्या पद्धतीत ते बरोबरच होते, ४४ टक्के शक्यता. पण अंकगणित ताईंच्या तक्त्यात दशकावर ९ आला याचा अर्थ काय? ही फैर शंभरातल्या नव्वद फैरींहून सरस आहे. ० म्हणजे तळातली. हे तर मुलीच्या निकालासारखेच झाले! फासा आता 'लागली की नाही' सांगत नाही, 'ही फैर बाकीच्या फैरींत कितव्या जागी बसते' ते सांगतो.

म्हणजे नाव चुकलेले नाही ना?

---

अंकगणित | बुधवार, रात्री ९:३०

अजिबात चुकत नाही. मी तक्ता मांडला तेव्हा माझ्याही हे लक्षात आले नव्हते. दशकाचा फासा हा खरोखर पर्सेंटाइल आहे. फैरीचा क्रमांक आधी ठरतो, किती पडले ते त्यावरून.

आणि यातून कालपासून अडलेली एक गोष्ट सुटते. पहिली फैर, दमलेली पलटण, कच्चे शिपाई, बंदुकीच्या चकमकीचा दगड झिजलेला, रंजक (बार पेटवायची दारू) उडाली पण बार झाला नाही. हे सगळे कुठे घालायचे? भिंतीसारखे गुणाकारात बसवायला माझे मन घेत नव्हते. नीट भरलेल्या, शांतपणे झाडलेल्या पहिल्या फैरीने गोळीचा जोर वाढत नाही. ती फैर चांगल्या फैरींमध्ये मोडण्याची शक्यता वाढते. म्हणून तिथे दशकात अधिक एक किंवा दोन करा. कच्चे शिपाई असतील तर उणे दोन. ९ च्या वर गेले तर ९ च, ० च्या खाली गेले तर ० च.

अंतर आणि आडोसा गुणाकाराने कार्डावर, माणसांच्या मनाचे आणि हातांचे सारे दशकाच्या फाशात.

---

जुना सोंगटीवाला | गुरुवार, सकाळी ७:१०

आता माझा विरोध मागे घेतो. असे दोन खण वेगळे ठेवलेले मी माझ्या जुन्या तक्त्यांत कधी पाहिले नाहीत. सगळे एकाच बेरजेत कोंबलेले असायचे आणि चाळीस वर्षांत मला कळले नाही की अडचण तिथे आहे.

एक विनंती. असईत शिंद्यांच्या गोलंदाजांना, म्हणजे तोफा डागणाऱ्यांना, विसरू नका. पलटणी मागे रेटल्या गेल्यावरही ते तोफांपाशी उभे राहिले, तिथेच संगिनींनी मारले गेले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून पाठीमागून तोफा डागल्या. वेलस्लीचे दीड हजारांहून जास्त लोक मेले आणि जखमी झाले, त्यात या तोफांचा वाटा मोठा. तुमच्या हातघाईच्या नियमात ५० चा फरक पडला की तुकडी पळते. हे गोलंदाज पळणारे नव्हते.

---

मुलुंडचा गारदी | गुरुवार, दुपारी १२:५५

काका, डोळ्यांत पाणी आले वाचून. त्यांच्यासाठी वेगळा नियम: फरक कितीही असो, गोलंदाज मागे हटत नाहीत, सोंगट्या जागेवरच आडव्या ठेवायच्या, उचलायच्या नाहीत. शत्रूची तुकडी तोफ ओलांडून पुढे गेली की डावाच्या शेवटी टक्क्यांचे फासे. ०१ ते ३० आले तर तोफ पुन्हा जिवंत, आणि पाठीमागून एक फैर. इथे साधी शक्यताच हवी, घडले की नाही घडले.

---

गिरगावचा तोफखाना | रविवार, रात्री १०:५०

आज पुन्हा मांडला. रात्री दोन वाजेपर्यंत जागून चौदा कार्डे केली होती. लिहायला उशीर झाला, कारण डाव संपल्यावरही कोणी घरी जायला तयार नव्हते.

साडेतीन तासांत लढाई पूर्ण झाली. मागच्या वेळी तेवढ्यात अर्धीही झाली नव्हती. ७४वी पलटण असई गावाच्या बाजूला भरकटली, खऱ्या लढाईत गेली तशीच, आणि तोफांच्या तोंडी सापडली. तिची पहिली फैर: दशक ६, पहिल्या फैरीचे अधिक एक, म्हणून ७. एकक ४. कार्डावर २.२, दोन सोंगट्या. चाळीस माणसे. कोणाला कमी वाटले नाही, कोणाला जास्त वाटले नाही. पुढच्या फैरीला दशकात शून्य आले, तेव्हा गारदी म्हणाला, धुरात काहीच दिसत नसणार. दान वाईट पडले तरी ते कशाचे हे सगळ्यांना कळत होते.

गोलंदाजांच्या नियमाने डाव फिरवला. शिंद्यांच्या पलटणींचा सेनापती पोलमन याच्या डाव्या अंगाच्या चार तोफा ओलांडून इंग्रजांची ७८वी पलटण पुढे गेली आणि डावाच्या शेवटी २२ पडले. आडवी ठेवलेली सोंगटी काकांनी स्वतःच्या हाताने उभी केली. हॉलमध्ये कोणी बोलले नाही.

दोन गोष्टी अजून बसलेल्या नाहीत. पहिली, माझा दहाने भागण्याचा आकडा. पायदळाला तो ठीक वाटला, पण तोफांच्या छर्र्यांच्या माऱ्याला हेच प्रमाण लावले तर ७५ यार्डांवर तोफ फारच मिळमिळीत पडते. तिथे पाचाने भागून पाहू का? दुसरी, घोडदळ अंगावर येताना पायदळाने झाडलेली फैर. भीतीने दशक खाली जायला हवे, पण लक्ष्य एवढे मोठे की कार्डावरचा आकडा वर जायला हवा. दोन्ही करून पाहिले तर इंग्रजांच्या एकोणिसाव्या ड्रगून्स घोडदळाचा हल्ला जवळजवळ फुकटात यशस्वी होतो.

---

अंकगणित | रविवार, रात्री ११:२५

छर्र्यांसाठी पाचाने भागून तीन डाव खेळा आणि प्रत्येक फैरीचे दशक, एकक आणि बाद सोंगट्या वहीत लिहा. नुसत्या आठवणीवर जाऊ नका, मोठी दानेच लक्षात राहतात.

घोडदळाला दशक एकाने खाली आणि आकडा दीडपट, एवढेच करून बघा. तुम्ही बहुतेक दोनाने खाली नेले असणार.

---

गिरगावचा तोफखाना | रविवार, रात्री ११:३२

तीनने नेले होते. कार्डे उद्या नवी करतो.

---

नवा भिडू | रविवार, रात्री ११:४०

पुढच्या रविवारी मी येतो आहे. माझी पहिली पलटण रंगवून झाली, चोवीस सोंगट्या. फेल्टचा ट्रेही आणतो.